होळीच्या डब्याला हिरवी चिंधी

रंगूनं त्या दिवशी खोकायला पाहिजे होतं. तेवढंच तर तिचं काम होतं. ना तिला साबणाची घाणी ढवळायची होती, ना साचे उचलायचे होते, ना कॉस्टिकच्या वाफेनं डोळे चुरचुरून घ्यायचे होते. थोरल्या जावेच्या, छबूबाईच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, डब्याचं झाकण निघालं की हळूच वास घ्यायचा आणि तेल खवट असलं तर घसा साफ केल्यासारखं एकदा खोकायचं. चार वर्षं ती बरोबर खोकत आली. आणि ज्या दिवशी खरोखर खोकायचं, त्याच दिवशी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत छपराकडं बघत राहिली.

छबूबाईला हे कळायला संक्रांत तोंडावर यावी लागली. कळलं तेव्हा तिला तेलाचं काही वाटलं नाही. तेल काय, आज आहे, उद्या सांडलं. पण रंगू?

पुणतांब्याच्या शिवारात, उसाच्या दोन पट्ट्यांच्या मधे छबूबाईची साबणाची शेड होती. नऊ बायकांचा गट. करडईचं तेल, खोबरेल, थोडं एरंडेल आणि कोकणातून येणाऱ्या कोकम तेलाच्या घट्ट पांढऱ्या वड्या, एवढ्यावर त्यांचा साबण व्हायचा आणि शिर्डीला आप्पासाहेबांच्या दुकानातून यात्रेकरूंच्या पिशव्यांत बसून कुठं कुठं जायचा. छबूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. सही करायची तर जीभ दाताखाली धरावी लागायची. पण कुठलं तेल किती दिवस माणसात राहतं, हे तिला विचारावं. खोबरेल आणि कोकम ही सोशीक माणसं, दोन वर्षं ठेवा, तोंडातून शब्द काढणार नाहीत. एरंडेल वर्षभर निभावतं. करडई मात्र भारी उतावळी. होळीला घाण्यावरून आणली की दसऱ्याच्या आत संपवायची, आणि तीही अंधारात, थंड जागी, तोंडापर्यंत भरलेल्या डब्यात. डबा अर्धा झाला की तेल लहान डब्यात काढायचं. पितळेच्या भांड्यात ठेवायचं नाही. पत्र्याखाली तर नाहीच नाही.

गावातल्या बायकांना एक खोड होती. तेलाचा डबा म्हणून कधी कोरडा करायचा नाही. लक्ष्मी जाते म्हणे. तळाला बोटभर जुनं तेल राहिलं की त्यावरच नवं ओतायचं. छबूबाईनं पहिल्याच वर्षी सगळ्यांना दम भरला होता, की दुधात विरजण घालता तसं ते बोटभर तेल आख्ख्या डब्यात विरजण घालतं, आणि ज्या बाईला लक्ष्मीची एवढी काळजी आहे तिनं डबा धुऊन उन्हात पालथा घालावा, लक्ष्मी काय तळाला चिकटून बसत नाही.

तारीख तिला लिहिता यायची नाही म्हणून तिनं चिंध्या काढल्या होत्या. होळीला आलेल्या तेलाच्या डब्याला पिवळी, नागपंचमीच्या डब्याला हिरवी, दसऱ्याला लाल, संक्रांतीला काळी. जुन्या लुगड्यांच्या या चिंध्या ती स्वतः फाडायची आणि घरोघर वाटायची. तिची सून दिपाली राहुरीला साबणाच्या शिबिराला जाऊन आली होती, ती डब्यांना तारखेची स्टिकरं लावूया म्हणायची. छबूबाई म्हणायची, कागद काय हुंगतो का? चिंधी वेळ सांगते आणि नाक खरं सांगतं. तिसरं कशाला पाहिजे?

नाक ही छबूबाईची खरी इस्टेट. घाणी घालायच्या दिवशी सगळ्या बायका गोल उभ्या राहायच्या. छबूबाई पदर खोचून डब्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि बराच वेळ तशीच राहायची. मग म्हणायची, पास. किंवा काहीच म्हणायची नाही आणि डबा उचलून अंगणातल्या निंबाखाली ओतून टाकायची. दोन वर्षांपूर्वी धनश्रीच्या तिळाच्या तेलाची अशीच गत झाली. पितळी हंड्यात ठेवलं होतं तिनं. ओतता ओतता छबूबाई म्हणाली होती, की हे तेल नवऱ्याच्या सायकलच्या साखळीला घाल, तीसुद्धा नको म्हणेल. सगळ्या हसल्या. धनश्री पंधरा दिवस शेडवर फिरकली नाही.

आता यातली खरी गोष्ट अशी की छबूबाईला वास येतच नव्हता.

साथीच्या सालात तिला ताप आला होता. ताप आठवड्यात गेला आणि जाताना वास घेऊन गेला. गावात पुष्कळांचं असं झालं, पण बाकीच्यांचं परत आलं. छबूबाईचं नाही. चुलीवर दूध करपून कोळसा झालं आणि ती शेजारीच बसून लसूण सोलत होती, तेव्हा तिला उमगलं. डॉक्टरला दाखवलं नाही, मुलाला सांगितलं नाही. सांगितलं फक्त रंगूला.

रंगूला सांगणं म्हणजे स्वतःलाच सांगणं होतं. दोघी तीन वर्षांच्या अंतरानं एकाच घरात सुना म्हणून आल्या. सासूचा मार दोघींनी मिळून खाल्ला, एकमेकींची बाळंतपणं केली. पुढं वाटण्या झाल्या, घरं वेगळी झाली, मधे भिंत उभी राहिली, तेव्हा छबूबाईनं गवंड्याला सांगून त्या भिंतीत हातभर खिडकी ठेवली होती. वाटी जायला. कालवणाची वाटी इकडून जायची, तिकडून दुसरी काही यायची, रिकामी कधी फिरली नाही. त्या खिडकीशीच उभं राहून छबूबाईनं नाकाचं सांगितलं. रंगूनं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "जाऊबाई, माझं नाक हाय की. दोघींना एक पुरंल."

खोकल्याची युक्ती रंगूचीच.

तर त्या साली कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पाच डबे आले. चार पास झाले. पाचवा रंगूच्याच घरचा होता, तिच्या मुलानं, सुनीलनं स्वतःच्या करडईचा गाळून आणलेला. डब्याला हिरवी चिंधी होती. म्हणजे नागपंचमीचं तेल, जेमतेम अडीच महिन्यांचं. छबूबाई वाकली, डोळे मिटले आणि डाव्या कानात जीव आणून उभी राहिली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. रंगू खोकली नाही.

"पास," छबूबाई म्हणाली.

पाचही डबे घाणीत गेले, मापापेक्षा जास्त झालं ते दोन बोटं तेल तेवढं सुनीलच्या डब्यात राहिलं. साबण कापले, रॅकवर दीड महिना वाळवले, कागदात गुंडाळले आणि डिसेंबरच्या गर्दीसाठी शिर्डीला रवाना केले. नव्या वर्षाचा पहिला आठवडा संपतो न संपतो तोच आप्पासाहेबांचा टेम्पो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. साबणाची सगळी खोकी परत आली होती.

आप्पासाहेब तसे सभ्य माणूस, आवाज चढवून बोलणारे नव्हेत. त्यांनी एका वडीवरचा कागद काढला. पांढऱ्या वडीवर नारिंगी ठिपके उठले होते, गंजलेल्या खिळ्याचे डाग पडावेत तसे. हात लावला तर ठिपक्यापाशी वडी चिकट लागत होती. मग त्यांनी ती वडी सरळ छबूबाईच्या नाकापुढं धरली आणि म्हणाले, की तुमच्याएवढं नाक जिल्ह्यात कुणाचं नाही, तुम्हीच सांगा.

छबूबाईनं श्वास ओढला. काही नाही. हवा आली तशी गेली. तिनं डावीकडं पाहिलं. रंगू तिथं नव्हती. लांब भिंतीकडं तोंड करून रिकाम्या ट्रेवर ट्रे रचत होती. मग छबूबाईनं आप्पासाहेबांच्या कपाळावरची आठी पाहिली आणि त्या आठीवरून वास ताडून म्हणाली, खवट आहे.

आप्पासाहेब गेल्यावर बायका गोल बसल्या. कुणी मोठ्यानं बोलेना, कारण छबूबाईनं स्वतः हुंगलेलं तेल खराब असेल असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पहिली बोलली ती रंगू. म्हणाली, नाक आजवर चुकलेलं नाही, तेव्हा तेलात काही नव्हतं. चुकलं असेल तर माप चुकलं असेल. आणि एवढं बोलून दिपालीकडं बघितलं. वजनकाटा दिपालीकडं असायचा.

दिपालीनं शांतपणानं सांगितलं, की माप वहीत लिहिलेलं आहे, कुणीही मोजून बघावं. आणि असे नारिंगी ठिपके माप चुकल्यानं येत नाहीत, तेल जुनं असलं की येतात, हे तिनं शिबिरात डोळ्यानं पाहिलं आहे.

"म्हंजे माझं नाक खोटं?" छबूबाईनं विचारलं.

दिपालीनं वही उघडून पुढं सरकवली. तिनं नुसतं नाही म्हटलं असतं, तर पुढचं टळलं असतं. छबूबाईची जीभ सुटली. वहीत तोंड घालून बसणाऱ्यांना मुंगी आणि म्हैस सारखीच दिसते म्हणाली. दोन दिवस शिबिराला जाऊन येणारी सून सासूला तेल शिकवते म्हणाली. आणि सगळ्यांदेखत दिपालीच्या पुढ्यातला काटा उचलून रंगूच्या सुनेच्या, मोनिकाच्या मांडीवर ठेवला. दिपाली उठली, वही काखेत मारली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वयंपाक केला, धुणं केलं, सासूला वेळेवर चहा दिला, पण शेडची पायरी चढली नाही. घरात दोघींचं बोलणं मिठापुरतं राहिलं.

छबूबाईला मनातून कुठंतरी ठाऊक होतं की पोरीचं माप चुकणारं नाही. पण तसं म्हणायचं तर मग तेल आलं, तेल म्हटलं की नाक आलं. तिनं तो विचार उंबऱ्याबाहेरच उभा केला. आणि रंगूवर संशय घ्यायचं तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. स्वतःच्या नाकावर कुणी संशय घेतं का?

भोगीच्या दिवशी दुपारी खिडकीतून मोनिकाचा हात आला. हातात वाटी. भोगीची भाजी, वर तीळ पेरलेले. मोनिका नवी, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, जिभेला अजून झाकण बसलेलं नव्हतं. छबूबाईनं भाजीवर तरंगणारा तेलाचा तवंग बघितला आणि सहज विचारलं, की घरच्या करडईचं आहे का.

"न्हाई वो थोरल्या आत्या, पिशवीचं हाय," मोनिका म्हणाली. "घरचं कवाच बाद झालं. दसऱ्याला म्या भजी टाकली आन् घरभर असा वास सुटला, अंगनातली पोरं नाक धरून पळाली. आत्यांनी कढई तशीच उतरवली. आमचे हे फेकून द्या म्हनत हुते, पर आत्या म्हनल्या, साबनाला घालू. साबन काय कुनी खातंय व्हय?"

छबूबाईच्या हातात वाटी होती. ती तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"कवाचं हुतं गं ते?"

"होळीचं. हिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली पडलं हुतं उन्हाळाभर."

भाजी चांगली झाली आहे, असं छबूबाई म्हणाली. मोनिका खूश होऊन गेली.

होळीचं. म्हणजे पिवळी चिंधी. आणि डब्याला होती हिरवी. हिरवी चिंधी वाऱ्यानं उडून येत नाही, कुणीतरी पिवळी सोडून हिरवी बांधावी लागते. छबूबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. दसऱ्याला रंगूला वास आला. स्वतःच्या कढईतून आला. त्यानंतर सहा दिवसांनी ती येऊन डाव्या अंगाला उभी राहिली, त्याच तेलावर आपण वाकलो ते पाहिलं, आपण डोळे मिटून वाट बघतोय हे पाहिलं, आणि पास म्हणू दिलं. आंधळ्यानं विश्वासानं हात द्यावा आणि धरणाऱ्यानं त्याला विहिरीकडं चालवत न्यावं, तसं.

आणि वर दिपालीचं नाव घेतलं.

संध्याकाळपर्यंत ती तिथंच बसून होती. दिपाली दोनदा येऊन बघून गेली. छबूबाईपुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर नाक शाबूत राहत होतं, मान राहत होता, आणि सून जन्मभर मापात चुकलेली राहत होती. बोलावं, तर पहिल्यांदा स्वतःचंच झाकण उघडावं लागत होतं. ज्या बायका तिच्या डोळे मिटण्याकडं देवाकडं बघावं तशा बघायच्या, त्यांना सांगावं लागत होतं की तो देव चार वर्षं रिकामा होता. रंगूनं हेही हिशेबात धरलं असणार. थोरली बोलायची नाही. कशी बोलेल?

हा विचार आला तेव्हा छबूबाई उठली.

संक्रांतीला दुपारी वाण लुटायच्या निमित्तानं गटातल्या सगळ्या बायका शेडवर जमल्या. दिपालीला छबूबाईनं चल म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. मग छबूबाईनं मागच्या खोलीतून सुनीलचा डबा आणून मधोमध ठेवला. तळाला दोन बोटं तेल उरलं होतं. कडीला हिरवी चिंधी तशीच होती.

"रंगू, हुंग," ती म्हणाली.

रंगूनं हसून बघितलं. नाकवाल्या तुम्ही, मी कशाला, असं काहीतरी म्हणाली. बायकाही हसल्या.

"माझं नाक साथीच्या सालात गेलं," छबूबाई म्हणाली. "तवापासून मला गुलाब आन् गोमूत्र सारखंच. डब्यावर मी वाकायची, वास रंगू घ्यायची. ती खोकली की तेल बाद. चार वर्षं तुमी माझ्या नावानं रंगूचं नाक बघताय."

धनश्रीनं विचारलं, मग माझं तीळतेल कुणी हुंगलं होतं. रंगूनं, छबूबाई म्हणाली, पण ओतलं मी, आणि सायकलचं बोलले तीही मीच, ते रंगूच्या माथी मारायचं नाही.

मग तिनं चिंधी सोडली, रंगूच्या हातावर ठेवली आणि मोनिकानं दसऱ्याच्या भज्यांचं जे सांगितलं होतं ते सगळं, मोनिकाचं नाव न घेता, सांगून टाकलं. मोनिकानं मान खाली घातली. नाव न घेताही सगळ्यांना कळलं.

रंगूनं चिंधीची घडी घातली. मग बोलली. म्हणाली, खोकले असते तर काय झालं असतं? सुनीलचा डबा निंबाखाली ओतला असतात. नवी सून घरात, तिच्यादेखत ओतला असतात, आणि असं काही बोलला असतात की माझ्या पोरानं महिनाभर गावात तोंड दाखवलं नसतं. धनश्रीचं बघितलं होतं मी. साबणानं एवढं होईल असं वाटलं नाही. कॉस्टिक सगळं खाऊन टाकतं असं वाटलं.

आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जाऊबाई, चार वर्षं खोकले मी. नाव कुनाचं झालं?"

हे छबूबाईला लागलं. लागलं कारण त्यात खोटं काही नव्हतं. काटा मोनिकाच्या पुढ्यात होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि दिपालीपुढं ठेवला. माफी तिला मागता यायची नाही, ती कुणी शिकवलीच नव्हती. उद्या ती तारखेची स्टिकरं घेऊन ये, एवढंच दिपालीला म्हणाली. दिपालीनं काटा जवळ ओढला आणि त्यावरची धूळ पदरानं पुसली.

मग छबूबाई रंगूकडं वळली. आवाज चढला नव्हता. बायका पुढं कितीतरी दिवस सांगायच्या, की ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ऐक रंगू. डबा म्या ओतला असता, खरं हाय. जीभ माझी वाईट, तेबी खरं. पर आदल्या सांजंला खिडकीत यिऊन कानात सांगितलं असतंस, तर तो डबा गुपचूप तुझ्या गोठ्यात गेला असता आन् कुनाला कळलं नसतं. ते तू केलं न्हाईस. पिवळी सोडून हिरवी बांधलीस. माझं लुगडं फाडून दिल्याली चिंधी, तिच्यानंच मला फसवलंस. आन् कमी पडलं म्हनून माझ्या सुनंला चोर केलंस. उद्यापासनं डबे तूच हुंगायचे. पुढं उभी ऱ्हाऊन, सगळ्यांदेखत, तोंडानं सांगायचं, खोकून न्हाई. नाक तुझंच हुतं, नावबी तुझंच घे, मला त्यात वाटा नको. तेलाइतकं तुझं माझं बोलनं ऱ्हाईल, त्याच्या पल्याड न्हाई. खिडकी बुजवायला सकाळी गवंडी येतोय. तुझी वाटी माझ्याकडं ऱ्हायलीया, ती आजच घिऊन जा. घासून ठिवलीया, रिकामी."